मुळशीचं पाणी, कोलाडची नदी

कोलाडला राफ्टिंगला जाणारी पुण्याची मंडळी पहाटेच्या अंधारात ताम्हिणी घाट उतरतात, दोन तास लाटा खातात, दुपारचं जेवतात आणि संध्याकाळी परत घरी. तसं बघितलं तर एका दिवसाचं काम. पण यंदा २६ जानेवारी सोमवारी आली, आणि दादाच्या डोक्यात एक खूळ शिरलं. कोलाडच्या कुंडलिका नदीत आपण जे पाणी वल्हवणार ते येतं कुठून, तिथून सुरुवात करायची आणि समुद्राला मिळतं तिथे थांबायचं. "पाण्याच्या मागोमाग जायचं," एवढंच त्याने सांगितलं. "जेवायच्या वेळा पाणी ठरवणार नाही," ही वहिनीची अट. चौघं होतो: दादा, वहिनी, अकरावीतला भाचा आणि मी.

शनिवार: मुळशी, भिरा, देवकुंड

पौड मागे पडलं तसा गारठा वाढत गेला. मुळशीच्या काठावर पहिला थांबा घेतला तेव्हा पाण्यावरून धुकं उठत होतं आणि टपरीवाल्या आजोबांचा स्टो नुकताच पेटला होता. जानेवारीत धरणात पाणी भरपूर असतं. भाच्याने मोबाइल काढून फोटोंचा सपाटा लावला, आणि दादाने आपलं व्याख्यान सुरू केलं.

हे धरण मुळा नदीवरचं. मुळा म्हणजे पूर्ववाहिनी: पुण्यात मुठेला भेटायचं, पुढे भीमेला, मग कृष्णेला, आणि शेवटी बंगालचा उपसागर. टाटांच्या वीज कंपनीने १९२०च्या दशकात ती इथे अडवली आणि पाणी बोगद्यातून सह्याद्रीच्या कड्याकडे वळवलं. कड्यावरून ते सुमारे ५०० मीटर खाली, भिऱ्याच्या वीजघरावर पडतं. १९२७ पासून ही वीज मुंबईला जाते आहे. वीज झाल्यावर पाणी काही परत वर चढून पुण्याला येत नाही. ते कोकणात उतरतं, कुंडलिका होतं आणि अरबी समुद्रात जातं. म्हणजे उन्हाळ्या-हिवाळ्यात कोलाडला ज्या नदीवर आपण आरडाओरडा करत वल्हं मारतो, ती निम्म्याहून जास्त मुळाच असते.

मुळशीचा सत्याग्रह शाळेच्या पुस्तकात एका ओळीत संपतो. १९२१ मध्ये तो सुरू झाला, १९२४ पर्यंत चालला. जमिनी बुडणार म्हणून मावळातल्या शेतकऱ्यांनी धरणाचं काम अडवलं, आणि पांडुरंग महादेव बापट त्यांच्या पुढे उभे राहिले. लोकांनी त्यांना 'सेनापती' म्हणायला सुरुवात केली ती याच लढ्यापासून. धरण काही थांबलं नाही. पन्नासहून अधिक गावांच्या जमिनी पाण्याखाली गेल्या.

आजोबा चहा गाळता गाळता ऐकत होते. त्यांनी गाळणी आपटली आणि त्याच हाताने पाण्याकडे बोट केलं. "त्या टेकडीच्या नाकासमोर बघा. माझ्या आज्ज्याचं घर तिथं. वडलांनी पण बघितलं नाही." मग लगेच, "अजून एक एक होऊ दे का? थंडी आहे." आम्ही होऊ दिला.

ताम्हिणीबद्दल फार लिहीत नाही. पावसाळ्यात त्याच्यावर इतकं लिहून येतं की घाटालाही कंटाळा आला असेल. जानेवारीत तो शांत असतो, धबधबे आटलेले, रस्त्यावर भिजायला थांबलेल्या गाड्या नाहीत. काटेसावरीची पानं झडून गेली होती आणि काळ्या कळ्या फांद्यांवर दाटल्या होत्या. घाट उतरून विळ्याला आलो, तिथून पाटणूसकडे वळलो आणि भिऱ्याच्या दिशेने समोरच्या डोंगरावर ते पाइप दिसले. कड्यावरून सरळ खाली आलेले लांबलचक पाइप. तासाभरापूर्वी ज्या पाण्याच्या काठावर चहा प्यायलो, ते या पाइपातून आमच्याआधी खाली पोचलं होतं.

भिऱ्याची कोकणाबाहेर एवढीच ओळख: २०१७ च्या मार्चमध्ये इथला पारा ४६.५ अंशांवर गेला आणि देशभरच्या बातम्यांत नाव झळकलं. हिरवीगार झाडी, शेजारी भरलेलं तळं, आणि विदर्भाला मागे टाकणारं तापमान. कोणाला खरं वाटेना. आम्हाला मात्र सकाळी नऊला स्वेटर काढवत नव्हता.

देवकुंडला जाताना गावातला वाटाड्या घ्यावा लागतो आणि नाव नोंदवावं लागतं. हे चांगलंच आहे. इथे बुडून माणसं गेलेली आहेत, पावसाळ्यात प्रशासन वाट बंदच करतं, आणि तरी आडवाटेने घुसणारे असतातच. आमच्याबरोबर आलेला पोरगा विशी-बाविशीचा, पायात साधी रबरी चप्पल. माझ्या महागाच्या ट्रेकिंग बुटांकडे त्याने एकदाच बघितलं आणि काही बोलला नाही.

वाट सुरुवातीला भिऱ्याच्या तळ्याच्या कडेकडेने जाते. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला झाडी, पायाखाली सपाट माती. ओढा ओलांडला की जंगल दाटतं आणि चढ लागतो. पण छातीवर येणारा चढ नाही. जाताना दोन तास धरावेत, पोरं बरोबर असतील तर जरा जास्त. हा सगळा पट्टा सुधागड-ताम्हिणी अभयारण्याला लागून आहे. एका झाडाच्या शेंड्याला काटक्यांचा भलामोठा गोळा दिसला. "शेकरूचं घरटं," वाटाड्या म्हणाला. "एक शेकरू अशी चार-सहा बांधतं. राहतं एकात." शेकरू स्वतः काही दिसलं नाही. भाचा मान वर करून चालला आणि दोनदा ठेचकाळला.

देवकुंडाचे फोटो सगळ्यांनी पाहिलेले असतात, आणि बहुतेक फोटो पावसाळा संपता संपताचे: जाडजूड पांढरी धार, हिरवंनिळं पाणी. जानेवारीत धार बारीक झालेली असते. वाऱ्याचा झोत आला की ती मधूनच तुटते, बाजूच्या कातळावर पसरते, पुन्हा एकत्र येते. मला हे रूप जास्त आवडलं. आवाज इतका कमी असतो की कड्याच्या पोटात घुमणारं पारव्यांचं गुटर्गू ऐकू येतं. कुंड मात्र तसंच खोल. मध्ये दोर बांधलेला, त्याच्या अलीकडेच उतरायचं. पाण्यात पाय घातला आणि पोटरीपर्यंत बधिर झाला. दादा गळ्यापर्यंत गेला, तीन वेळा "हर हर महादेव" म्हणाला आणि बाहेर आल्यावर दहा मिनिटं त्याचे दात वाजत होते.

गावात देवकुंड हेच कुंडलिकेचं उगमस्थान मानतात. खरी कुंडलिका म्हणाल तर ही: कातळावरून पडणारी, हिवाळ्यात बारीक होणारी, उन्हाळ्यात जेमतेम उरणारी. इथून खाली गेल्यावर तिला मुळशीचं पाणी मिळतं आणि ती बारमाही होते.

मुक्काम कोलाडच्या अलीकडे, नदीकाठच्या एका घरात. काकांची भातशेती, मागे आंब्याची बाग, पुढच्या पडवीत पाहुण्यांच्या दोन खोल्या. तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं आणि कोरड्या कोलमीची चटणी. नऊच्या आत सगळे झोपलेले.

रविवार: नदी

सकाळी सातला नदीवर गेले तर नदी नव्हती. म्हणजे होती, पण दगडच जास्त. मोठमोठे काळे धोंडे उघडे, त्यांच्यामधून एक गुडघाभर प्रवाह कसाबसा वाट काढत होता. पलीकडच्या काठावर एक काकू कपडे धूत होत्या. मला शंका आली की आज सुट्टी म्हणून पाणी सोडणारच नाहीत. काका म्हणाले, "येईल हो ताई. मुंबईकर उठले की येतं."

त्यांनी थट्टेत सांगितलं, पण गोष्ट खरीच आहे. भिऱ्याला वीज तयार झाली की पाणी मोकळं होतं, ते तळ्यात साठतं, आणि सकाळच्या वेळी रावळज्याहून नदीत सोडलं जातं. काही तास नदी फुगते आणि दुपारी पुन्हा उतरते. राफ्टिंगवाल्यांचं सगळं वेळापत्रक या पाण्यावर. पावसाशी त्याचा संबंध नाही, म्हणूनच मे महिन्यातही कोलाडला राफ्ट चालतात.

पाणी आलं ते आधी कानांना कळलं. वरच्या अंगाला एक घरघर. काकूंनी घाई न करता कपडे गोळा केले, पिळे घमेल्यात टाकले आणि चार पावलं वर जाऊन बसल्या. मग पाण्याची एक जीभ धोंड्यांमधून पुढे आली. तिच्यावर वाळकी पानं, एक प्लॅस्टिकची बाटली आणि फेसाचा पांढरा पट्टा. मी एका धोंड्यावरची पाण्याची रेघ बघत उभी होते. ती रेघ डोळ्यांदेखत वर चढली, धोंड्याच्या खांद्यापर्यंत आली, आणि थोड्या वेळाने तो धोंडा गायबच झाला. त्याच्या जागी पाण्याला नुसता एक फुगवटा उरला. राफ्टवर बसल्यावर असे फुगवटे दुरून निरुपद्रवी दिसतात. खाली काय आहे हे आज स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं असल्याने मी नंतर भलतीच शहाण्यासारखी वागले.

सुरुवातीला आम्हाला संथ पाण्यात कयाकवर बसवलं. मी आणि भाचा एका दोघांच्या कयाकमध्ये, तो पुढे, मी मागे. पुढच्याने लय द्यायची, मागच्याने दिशा. भाच्याची लय म्हणजे ढोलपथकाची. शिकवणारा उत्तराखंडचा मुलगा शेजारून सांगत होता की हाताने ओढू नका, कंबर वळवा; वल्हं पायाच्या अंगठ्याशी पाण्यात घालायचं आणि कमरेशी आलं की उचलायचं. मागे जास्त ओढलं की नाक गर्रकन फिरतं. एकदा हे जमलं की कयाक अक्षरशः सुटते. डोहाच्या कडेने जाताना खंड्याची निळी रेघ पाण्यावरून सरकली आणि उंबराच्या फांदीवर जाऊन थांबली. आम्ही वल्हं आडवं ठेवलं आणि तसेच वाहत तिच्या खालून गेलो. तो उडाला नाही.

मग राफ्ट. सहाजण आणि मागे वाटाड्या. सूचना रुक्ष असतात पण त्यातली एकेक कामाची. पाऊल पुढच्या फुग्याच्या खाली नीट अडकवायचं. वल्ह्याच्या टोकाला आडवी मूठ असते, ती कधी म्हणजे कधी सोडायची नाही. लाटेत मूठ मोकळी झाली की ती शेजाऱ्याच्या दातांवर बसते. पाण्यात पडलात तर उभं राहायला जायचं नाही, पाय दगडांत अडकतो आणि प्रवाह वरून दाबतो. पाठीवर पडायचं, पाय पुढे, बोटं पाण्याबाहेर, आणि राफ्टकडे बघत राहायचं. आमच्या चमूतला ठाण्याचा एकजण "मला पोहता येतं" म्हणून हे ऐकत नव्हता. वाटाड्या त्याला शांतपणे म्हणाला, "सर, इथे पोहायचं नाही, वाहायचं आहे."

टप्पा साधारण १२ किलोमीटरचा. लाटा दुसऱ्या-तिसऱ्या श्रेणीच्या, म्हणजे मजा येईल आणि जीव मुठीत येणार नाही अशा. ऋषीकेशची गंगा डोक्यात ठेवून आलात तर निराश व्हाल. पहिल्या अर्ध्या तासात एकामागून एक लाटा येतात आणि बोलायला उसंत नसते. सगळ्यांची चूक एकच होते: लाट समोर आली की माणूस वल्हं छातीशी घेऊन आत दबतो. नेमकं तेव्हाच वल्हं मारायचं असतं. वल्हं पाण्यात असेल तर तोल राहतो, हवेत असेल तर तुम्ही नुसतं ओझं. वहिनी पहिल्या लाटेला किंचाळली, दुसरीला गप्प, आणि तिसरीपासून तिने जो जोर लावला की वाटाड्या तिला "मॅडम, राइट साइडला पण जरा चान्स द्या" म्हणाला. तिचा दंड मी कधी नीट पाहिलाच नव्हता.

एका मोठ्या धोंड्यामागे वाटाड्याने राफ्ट वळवून घातली आणि ती चक्क थांबली. दोन्ही बाजूंनी पाणी धावतंय आणि आम्ही मधोमध स्थिर. धोंड्यामागे पाणी उलट, वरच्या दिशेने वळतं, त्या वळणात नाव विसावते. भाच्याने विचारलं, "आत्या, फिजिक्सला हे का नाही शिकवत?" शिकवतात. तेव्हा कपडे कोरडे असतात, म्हणून लक्षात राहत नाही.

शेवटचा भाग संथ. तिथे लाईफ जॅकेटवर पाण्यात उतरू देतात. दोन्ही काठांवर झाडी आणि अधूनमधून रिसॉर्टची कुंपणं. कुंपणं आता झाडीपेक्षा वेगाने वाढतायत असं माझं मत. एका ठिकाणी काठावर मोठ्या आवाजात गाणी लावून नाच चालू होता. सकाळचे अकरा वाजले होते.

जाणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. चौदा वर्षांखालच्या मुलांना बहुतेक ठिकाणी राफ्टवर घेत नाहीत, फोनवरच विचारून घ्या. आणि हेल्मेट देताना पट्टा नीट बसतोय का ते स्वतः बघा. आमच्यातल्या एकाला मिळालेल्या हेल्मेटची कडी तुटलेली होती. बदलून मागितलं तर लगेच मिळालं, पण मागावं लागलं.

दुपारी तीनला पुन्हा काठावर गेलो. पाणी ओसरलं होतं. धोंडे परत वर आलेले, त्यांच्यावर ओली रेघ. दगडांमधल्या खळग्यांत छोटे मासे अडकून राहिले होते आणि बगळ्यांची पंगत बसली होती. गावातली दोन पोरं हातानेच मासे धरून डब्यात टाकत होती. खाली डोलवहाळला बंधारा आहे. तिथून हेच पाणी कालव्यांत घेतात आणि रोहा-माणगावच्या शेतांवर उन्हाळी भात निघतो. वहिनीचं माहेर माणगावजवळचं. "आमच्या शेतावर येतं ते हेच?" तिने विचारलं. हेच. लग्नाला वीस वर्षं झाली, पण पुण्याचं पाणी आपण माहेरीही पीत होतो हे तिला आज कळलं. दादाने "बघ" असा चेहरा केला. त्याला हा चेहरा पुढे महागात पडणार होता.

रात्री पोपटी. रायगडात थंडीत शेतावर पोपटी लावली नाही तर तो हिवाळा कसला. काकांच्या मुलाने मडकं आणलं, तळाला भांबुर्ड्याचा पाला दाबून भरला. हा पाला शेताच्या बांधावर आपोआप उगवतो, वास उग्र, हाताला बराच वेळ राहतो. त्यावर वालाच्या शेंगा, खडेमीठ, ओवा, मग बटाटे, अंडी, मसाला चोळलेली कोंबडी, पुन्हा शेंगा, आणि तोंडाशी पाल्याचं घट्ट बूच. पाण्याचा थेंबही नाही. मडकं जमिनीवर उपडं ठेवायचं आणि भोवती पेंढा, काटक्या, गोवऱ्या रचून पेटवायच्या. किती वेळ? घड्याळ कोणी बघत नव्हतं. काकांनी हाताने पाणी मडक्यावर शिंपडलं. थेंब चर्र करून उडून गेले. "झाली." मडकं उलटून वर्तमानपत्रावर ओतलं आणि पाल्याचा, धुराचा, ओव्याचा वाफाळता वास आला. शेंगा सोलायच्या, दाणे तोंडात, साल बाजूला. कोंबडी चांगली होती, पण मुख्य गोष्ट शेंगाच. भाच्याने शेवटी पाल्यात हात घालून राहिलेल्या शोधून काढल्या.

सोमवार: अवचितगड आणि कोर्लई

सात वाजता रोह्याजवळच्या मेढे गावात होतो. शाळेची पोरं पांढऱ्या गणवेशात झेंडे घेऊन प्रभातफेरीला निघालेली, एका छोट्याच्या हातातला झेंडा त्याच्या दुप्पट लांब. आम्ही गाडी बाजूला घेतली, फेरी जाऊ दिली आणि जंगलात शिरलो.

अवचितगड उंचीने मोठा नाही, हजारेक फूट. पण झाडी इतकी दाट की गड अखेरपर्यंत दिसत नाही. वाटेत झाडाखाली वीरगळ आहेत, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांचे स्मृतिदगड, शेंदूर लागलेले. तास-दीड तासात दरवाज्याशी पोचतो. तिथे शरभाचं शिल्प आहे. सिंहाच्या अंगाचा, पायाखाली शत्रू दाबणारा हा कल्पित प्राणी कोकणातल्या गडांवर बरेचदा भेटतो, पण इथला ठसठशीत आहे. आत बारा कोनांचं टाकं, शेजारी महादेव. बुरुजावर शिलालेख: शके १७१८, नळनाम संवत्सर, चैत्र शुद्ध प्रतिपदा. म्हणजे १७९६ चा पाडवा, पेशवाईच्या उतरत्या काळातला. सवाई माधवराव गेल्याला वर्षही झालं नव्हतं, पुण्यात गादीवरून ओढाताण चाललेली, आणि इथे कोणीतरी पाडव्याचा मुहूर्त धरून बुरुज बांधून घेत होतं.

गडावर आसपासच्या गावातल्या तरुणांनी झेंडावंदन ठेवलं होतं. राष्ट्रगीत झालं आणि आम्हालाही पेढा मिळाला. वहिनीचा सोमवार होता. तिने पेढा घेतला, शेंगदाण्याचा लाडूही घेतला.

इथे गडावर येण्याचं कारण नदी. वरून ती पूर्ण दिसते. पूर्वेला सह्याद्रीची भिंत, त्यातून निघून कोलाडकडून वळणं घेत येणारं पाणी, पायथ्याशी रोहा, समोरच्या काठावर अष्टमी, आणि पश्चिमेला रुंद होत गेलेली खाडी. काल जिथे किंचाळलो तो पट्टा वरून दोऱ्याएवढा. रोह्याच्या अलीकडे धाटावची औद्योगिक वसाहत, बहुतेक रसायनांचे कारखाने. चिमण्या मोजायला भाच्याने घेतल्या आणि सोडून दिल्या. कुंडलिकेचा रोह्याखालचा भाग प्रदूषित नद्यांच्या सरकारी यादीत येऊन गेलेला आहे. राफ्टिंगच्या जाहिरातीतली निळी नदी आणि ही नदी एकच, मध्ये फक्त काही किलोमीटर. काठावरचे कोळी जुन्या माणसांकडून ऐकलेली माशांची नावं सांगतात, त्यातली कितीतरी आता जाळ्यात येत नाहीत असंही सांगतात.

रोह्यात धावीर महाराजांचं दर्शन घेतलं. या ग्रामदैवताच्या पालखीला दसऱ्याच्या उत्सवात पोलिसांची सशस्त्र मानवंदना असते. माजी केंद्रीय अर्थमंत्री चिंतामणराव देशमुखांचं घराणं रोह्याचं, स्वाध्याय परिवाराचे पांडुरंगशास्त्री आठवले इथेच जन्मले. एवढ्याशा गावाच्या मानाने बरीच शिदोरी. जेवणात आम्हा तिघांना जिताडा मिळाला. जाड पांढरी तुकडी, काटा एकच मोठा, आंबटतिखट रस्सा. वहिनीपुढे साबुदाण्याची खिचडी. तिने आमच्या ताटांकडे एकदाही बघितलं नाही. फार प्रयत्नपूर्वक बघितलं नाही.

रोह्याहून खाडीच्या बाजूबाजूने साळाव आणि तिथून कोर्लई. नदी आता नदी राहिलेली नाही. काठाला चिखल, कांदळवन, ओहोटीला उघडे पडलेले होड्यांचे तळ, वर ब्राह्मणी घारी. कोर्लईचा किल्ला समुद्रात घुसलेल्या एका अरुंद डोंगरावर आहे, एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला खाडीचं मुख. पलीकडे रेवदंडा आणि त्याला लागून जुनं चौल. १४६९ मध्ये रशियाचा व्यापारी अफानासी निकितिन भारतात उतरला तो चौललाच. पोर्तुगिजांनी कोर्लई १५९४ मध्ये निजामशाहीकडून घेतली. चिमाजीअप्पांनी वसई जिंकल्यानंतर, १७४० मध्ये ती मराठ्यांकडे आली. पायथ्याच्या गावात काही ख्रिस्ती कुटुंबं अजून पोर्तुगीजमिश्रित बोली बोलतात, तिला ते 'नौ लिंग' म्हणतात. किल्ल्याच्या पायऱ्यांजवळ दोन बायका तशी बोलत होत्या. मला चार-दोन मराठी शब्द ओळखू आले, बाकी सूर वेगळाच.

दीपगृहाजवळून पायऱ्या चढल्या की वीस मिनिटांत माथा. चर्चच्या भिंती उभ्या आहेत, छप्पर नाही; तोफा गवतात. भाचा तटाच्या टोकाला जाऊन बसला आणि तिथेच वादाला तोंड फुटलं.

दादाचं म्हणणं: हे सगळं पाणी मुळचं भीमेच्या खोऱ्यातलं. पुण्यात उन्हाळ्यात पाणीकपात, उजनीवर सोलापूरकरांची नजर, आणि आपण वीज करून ते समुद्रात ओततो. विजेला आज सूर्य आहे, वारा आहे; पाण्याला पर्याय नाही. मुळशीचं पाणी पूर्वेला वळवा ही मागणी काही आजची नाही.

वहिनी म्हणाली, "आणि माणगावच्या कालव्यात काय सोडणार? भाषण?" शंभर वर्षं ते पाणी खाली येतंय, त्यावर शेतं उभी राहिली, गावांच्या नळयोजना उभ्या राहिल्या, कोलाडची शेकडो पोरं राफ्टवर पोट भरतायत. दादा म्हणाला की ज्यांची गावं बुडाली त्यांना कोणी विचारलं होतं का. वहिनी म्हणाली, "नव्हतं ना? मग आता पुन्हा न विचारता दुसऱ्यांचं तोडू नका." भाच्याने मध्येच विचारलं की रात्री वीज स्वस्त असताना पाणी पंपाने वर चढवतात हे खरं का. खरं आहे, भिऱ्याला तसा संच आहे. "मग थोडं अजून वर चढवा ना, पुण्यापर्यंत," तो म्हणाला. दोघांनीही त्याला गप्प बसवलं.

मी मुळशीच्या आजोबांच्या बोटाचा विचार करत होते, पण या वादात मी वहिनीच्या बाजूने होते आणि ते मोठ्याने सांगितलं. दादा एकटा पडला.

परतीला रेवदंडा-अलिबागवरून पेणमार्गे यायचं ठरवलं होतं. तीन दिवसांची सुट्टी संपवून सगळी मुंबई त्याच वेळी निघालेली. वडखळच्या अलीकडे गाडी जी अडकली ती तासभर तिथेच, आणि वाद पुन्हा पेटला. आता त्यात उजनीचा ऊस आणि पुण्यातल्या सोसायट्यांचे स्विमिंग पूलही आले. पेणला पोचलो तेव्हा दुकानं बंद व्हायला लागली होती. वहिनी धावत जाऊन पोह्याचे पापड घेऊन आली, दोन पाकिटं घरची, एक माझं. दादाने विचारलं, "माझं?" ती म्हणाली, "तुझं पूर्वेला पाठवलंय."